मलिद्यापुढे ठेवलेला खंडोबा

मी असं काही लिहावं की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा. पण काल होस्टेलवर कुणीतरी पोह्यांत गूळ-खोबरं कालवून वेलदोड्याची पूड टाकली, आणि मला घनसावंगीतली ती दुपार आठवली.

माझी आई बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. वडील घनसावंगीचे शेतकरी. आईचे वडील, आबा, कायमचे इस्रायलला जाण्याआधी अलिबागहून भेटायला आले होते. माझ्यासाठी त्यांनी मलिदा केला: गोड पोह्यांचं ताट, भोवती फळं. डोक्यावर टोपी चढवून ते हिब्रूत प्रार्थना म्हणू लागले.

"ताट मांडलं, मंग देव कुठंय ह्यांचा?" वडिलांची आई कुजबुजली.

मी सात वर्षांचा होतो. मला आबांची दया आली. देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आणून मी ताटापुढे ठेवला.

आबांचा आवाज थांबला. त्यांच्या देवाची मूर्ती नसते, मूर्तीपुढं ठेवलेलं ते खात नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आता बराबर झालं बघा, व्याहीबुवा!" आजी खुशीत म्हणाली. आईनं मान खाली घातली. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून उरलेली प्रार्थना म्हटली, सगळ्यांना मलिदा वाटला. स्वतः मात्र खाल्ला नाही.

ते माझ्यावर रागावले, असंच मी इतकी वर्षं समजत होतो.

गेल्या आठवड्यात इस्रायलहून मावशीचं पत्र पोचलं. आबा चार महिन्यांपूर्वीच वारले. दर मलिद्याला ते म्हणायचे, "माझा देव एकटा बसलाय, असं वाटलं माझ्या नातवाला; म्हणून त्यानं सोबतीला खंडोबा आणून ठेवला." हे हसत म्हणायचे की कसे, ते मावशीनं लिहिलेलं नाही.