पाठ टेकायला शिकताना

तालमीत आलो त्या दिवशी वस्तादांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. हात मोडला तरी चालेल, पाठीला माती लागता कामा नये. नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. बिद्रीकडच्या एका खेड्यातून मी कोल्हापूरला तालमीत राहायला आलो होतो, अजून मिसरूड फुटायचं होतं. पुढच्या आठ-नऊ वर्षांत मी दुसरं काही शिकलोच नाही म्हटलं तरी चालेल. झोपायचोसुद्धा कुशीवर. चुकून उताणा झोपलेला दिसलो की वस्ताद येता-जाता पायाच्या अंगठ्यानं ढोसायचे. "ऊठ की. चीत झालायस."

मोठा मल्ल काही मी झालो नाही. जत्रेच्या मैदानात मधल्या जोडीत लढायचो, कधी नारळ, कधी फेटा मिळायचा. मग एका मैदानात गुडघा फिरला आणि तिथून पुढं मोठ्या कुस्त्या बंद झाल्या. कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार म्हणून चिकटलो, लग्न झालं, तिथंच दोन खोल्या घेतल्या. पण पहाटेची तालीम सुटली नाही. नव्या पैलवानांना जोर द्यायला, म्हणजे सरावाला अंगावर घ्यायला, वस्तादांना माझ्यासारखा जुना गडी लागायचाच.

दोन हजार पाचच्या आसपास, गुढीपाडवा झाल्यावर, एक चष्मेवाला माणूस तालमीत आला. अंगानं काटकुळा, माझ्या निम्म्या वजनाचा. घरचा गुळाचा व्यापार, मूळ गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून, घरात कानडी. काही वर्षं अबूधाबीत एका कंपनीत हिशेबनीस होता, आता वडील थकले म्हणून परत आला होता. तिकडं ब्राझिलियन जिऊ-जित्सू शिकलो, म्हणाला, इथं अंगाला अंग लावायला कोणी नाही, तुमच्या मातीच्या हौद्यात उतरू का? वस्तादांनी ते नाव दोनदा विचारून घेतलं आणि शेवटी नाद सोडला. "म्हंजे कुस्तीच की. उतरा, पावणं."

जोड म्हणून मला उभं केलं. सलामी झाली, मी खाली वाकून त्याचा पट काढला. दोन्ही पाय हाताला एवढे सहज लागले की मलाच नवल वाटलं. त्याची पाठ सपशेल मातीत. वस्तादांनी निकाल बघावा म्हणून मी छातीनं दाबून धरलं, आणि तेवढ्यात त्याचे पाय खालून वर आले, माझी मान आणि एक हात त्यात सापडला. कानात शीळ घुमायला लागली. समोरची माती आधी तांबडी दिसत होती, मग काळी दिसायला लागली.

"अरं सोड की त्याला!" वस्ताद ओरडले. "झालाय निकाल! चीत झालायस तू!"

त्यानं एकदम पाय काढले. चेहरा कावराबावरा. "माफ करा. मला वाटलं चालूच हाय."

सगळी तालीम हसली. वस्तादांनी माझा हात वर केला. जिंकलो होतो मी. त्या दिवशीची थंडाई मात्र घशाखाली उतरेना, आणि मान आठवडाभर एका बाजूला वळली नाही. हरलेला माणूस हसत चहा पिऊन गेला आणि जिंकलेला मी मानेला तेल लावत बसलो, ही गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना.

शाहूपुरीत त्याचं गुळाचं गोदाम होतं. शोधत गेलो.

"त्ये काय केलतंसा तुम्ही?"

"पायानं आवळलं."

"त्ये कळलं. मला शिकवा."

 "पैलवान, तुम्हाला आधी उताणं पडायला शिकावं लागंल."

मला वाटलं चेष्टा करतोय.

गोदामाच्या माडीवर त्यानं गाद्यांचा फोम ताडपत्रीत शिवून घेऊन अंथरला होता. ज्युदोवाले घालतात तसला जाड डगला मला दिला, तो खांद्यात उसवला. हंगाम संपलेला, म्हणून माडी रिकामी होती, तरी गुळाचा वास लाकडात मुरलेला आणि मुंगळे सगळीकडं. पाठ टेकली की मुंगळे चावायचे. पण मुंगळ्यांचं राहू दे, माझी पाठ टेकतच नव्हती. मी त्याला अण्णा म्हणायला लागलो होतो, तो मला पैलवानच म्हणायचा. अण्णा म्हणायचा, "पडा, आणि पायांनी मला धरा. पाय म्हंजे तुमचं कुंपण." मी पडायचो, त्यानं खांद्याला नुसता हात लावला की अंग आपोआप उलटं व्हायचं. चीत होऊ नये म्हणून पालथं पडायचं, हे माझ्या हाडात बसलेलं. त्याच्या खेळात पालथं पडण्यापेक्षा वाईट काही नाही. मी पालथा झालो की तो पाठीवर चढून बसायचा आणि डगल्याच्या कॉलरनं गळा आवळायचा. पाठ वाचवायला म्हणून मी रोज पाठच त्याच्या हातात देत होतो.

गळा आवळला की हातानं दोनदा थोपटायचं, म्हणजे समोरचा सोडतो. याला टॅप म्हणतात. मला तेही जमेना. कुस्तीत माणूस हरतो, पण स्वतःच्या हातानं हरलो असं सांगत नाही. एकदा दात खाऊन तसाच राहिलो आणि शुद्धीवर आलो तेव्हा अण्णा तोंडावर तांब्यातलं पाणी मारत होता.  "खुळा हायस काय रे? थोपटायला काय जीव जातोय?" त्या दिवसापासून तो मला अरे-तुरे करायला लागला.

घरी बायकोनं गळ्यावरचे वळ बघितले. "कोण मारतंय तुम्हाला?"

"गूळवाला."

"कोण?"

"शाहूपुरीतला. चष्मेवाला."

ती पदर तोंडाला लावून एवढी हसली की शेजारीण बघायला आली. मी ताटावरून उठलो.

हसायसारखंच होतं ते, आता कळतं. तेव्हा नुसता संताप व्हायचा. माझ्या अंगात ताकद होती, दम होता, वीस-बावीस डाव हाताखालचे होते. आणि त्यातला एकेक डाव त्या फोमवर उलटा माझ्याच गळ्यात यायचा. अण्णा शिकवण्यात कसूर करायचा नाही. तेच तेच परत सांगायचा. कंबर सरकव. गुडघा मधी घाल. जोर लावू नको. हे 'जोर लावू नको' ऐकलं की माझं डोकं फिरायचं. जन्मभर काय केलं मग मी?

गाळपाचा हंगाम आला तशी माझी कारखान्यातली पाळी सुरू झाली, माडीवर गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, रचले गेले, आणि आमची गाठ रविवारपुरती उरली. तरी सोडलं नाही. पुढच्या मे महिन्यात अण्णानं मुंबईतल्या एका व्यायामशाळेतल्या स्पर्धेत माझं नाव घातलं. पांढऱ्या पट्ट्याचा गट, म्हणजे सगळे नवशिके. "तुला उभ्यानं कोण धरतंय," तो म्हणाला. "पाड आणि वर बस. बाकी काय करू नको."

समोर एक गोरटेला तरुण आला, ऑफिसात बसून काम करणाऱ्याचे मऊ हात. त्यानं बाही धरली आणि मी ढाक लावली. इतकी सुंदर ढाक मला मैदानातसुद्धा कधी लागली नव्हती. तो हवेतून फिरून पाठीवर आदळला, भिंतीकडची माणसं उठून उभी राहिली. आणि माझे हात सुटले. मी सोडले नाहीत, ते सुटले. गुडघ्यावर येऊन मी पंचाकडं बघितलं, निकाल द्या म्हणून.

"पैलवान! चालू हाय! चालू हाय!" अण्णा बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

मला ते ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. खालच्या पोरानं माझा हात दोन्ही हातांनी छातीशी धरला, पाय माझ्या तोंडावरून टाकला आणि कोपर सरळ केलं. मी थोपटलं. आता थोपटायला बरोबर जमलं.

परतीच्या बसमध्ये मी साताऱ्यापर्यंत कोपर चोळत बसलो. मग अण्णा हळूच म्हणाला, "ढाक मात्र झकास लागली."

"गप्प बसा, अण्णा."

महिनाभर मी शाहूपुरीकडं फिरकलो नाही. कोपर बरं झालं तसा पहाटे तालमीत गेलो. मातीचा वास घेतला आणि वाटलं, आलो बाबा घरी. एका नव्या पैलवानाबरोबर जोर करत होतो. त्यानं मला खाली ओढलं, आणि मी पालथा व्हायच्या ऐवजी उताणा झालो. पाठ मातीला लागली, दोन्ही पाय त्याच्या कमरेभोवती गेले, गुडघा मध्ये आला, कंबर सरकली. वर्षभर अण्णा बोंबलून सांगत होता आणि होत नव्हतं ते सगळं एका झटक्यात झालं. ज्या जागी व्हायला नको त्या जागी.

बाकीच्या जोड्या थांबल्या. वस्ताद हौद्याच्या कडेला आले.

"काय करायलास?"

मी तसाच पडून. 

"माझ्या हौद्यात पाठ टेकून चेष्टा करायलास व्हय?"

"चेष्टा न्हवं, वस्ताद."

"मग काय?"

मी उठून उभा राहिलो.  वस्ताद चिडले असते, कानफटात दिली असती तर बरं वाटलं असतं. "कापडं घाल," एवढंच म्हणाले, आणि त्या पैलवानासाठी दुसरी जोड बोलावली.

अंगावरची माती न धुता सायकल काढली ती थेट शाहूपुरीत. अण्णा गल्ल्यावर बसला होता. गिऱ्हाईक होतं, तरी मी बोललो. "माझी कुस्ती घालवलीसा तुम्ही. हिकडचाबी न्हाय ऱ्हायलो आणि तिकडचाबी न्हाय."

त्यानं गिऱ्हाइकाला चहाला पाठवलं. मी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी ल्हान असताना घरात कानडी, शाळंत मराठी. पहिली दोन वर्षं सगळी खिचडी व्हायची. मास्तर मारायचं मराठीसाठी, आज्जी मारायची कानडीसाठी. मग कवातरी आपोआप बसलं."

"बोलायला सोपं हाय. तुम्ही पाच वर्षांचं होतासा. मी एकतीसचा हाय."

"त्ये खरं हाय," अण्णा म्हणाला. मला वाटलं होतं काहीतरी धीर देईल. नाही दिला. "पण आज तुझी कंबर सरकली म्हणालास न्हवं? दाव बघू."

जायला दुसरी जागा नव्हती. माडी चढलो. आणि कंबर सरकली नाही. तासभर घासलो, एकदाही नाही.

त्या पावसाळ्यात कारखाना बंद, माडी मोकळी, आम्ही रोज संध्याकाळी भेटायला लागलो. पत्र्यावर पाऊस एवढा वाजायचा की अण्णाला कानाशी येऊन बोलावं लागायचं. मी डाव शिकायचे सोडून दिले. नुसतं खाली पडून वरच्या माणसाखालून बाहेर यायचं, एवढंच. दुखरा गुडघा सुजायचा, त्याला हळद बांधून परत. कधी चार दिवस वाटायचं की जमतंय आणि पाचव्या दिवशी अण्णा मला नवख्यासारखा घोळसायचा. सुधारणा म्हणजे काय असते ते मला तालमीत माहीत होतं. आज ज्याला पाडता येत नाही त्याला पुढच्या वर्षी पाडायचं. इथं तसं काही मोजायला नव्हतं. गळा सापडायच्या आधी थोडा जास्त वेळ जायचा, एवढाच फरक. तोही अण्णानं सांगितल्यावर कळायचा.

गणपती उठल्यावर एका संध्याकाळी अण्णा माझ्या छातीवर बसला होता. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर घुरघुरत होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडं होतं. अण्णानं वजन पुढं टाकलं. मी त्याचा हात काखेत धरला, त्याच बाजूच्या पायाला पाय अडकवला, कंबर उचलली आणि तो माझ्यावरून गेला. फोमवर पडला, चष्मा नसलेले डोळे मिचकावत. मी वर होतो. आणि या वेळी हात सुटले नाहीत. दोघंही दम खात एकमेकांकडं बघत राहिलो.

"हां," अण्णा म्हणाला. "परत कर."

परत झालं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. जमलेली गोष्ट का जमली हेच कळलं नव्हतं तर परत काय करणार? मी तीच पकड धरायचो, तोच पाय अडकवायचो, अण्णा तसूभर हलायचा नाही. शेवटी मी डगला काढून भिंतीवर फेकला. अण्णानं तो उचलून घडी घालून ठेवला आणि खाली दुकानात गेला. दसऱ्याच्या आसपास तो डाव पुन्हा एकदा लागला. मग पुन्हा दोनदा. दिवाळी जवळ आली तेव्हा चारातला एखादा लागत होता.

आणि तेवढ्यात गुऱ्हाळं सुरू झाली. खेड्यापाड्यांतून गुळाच्या गाड्या यायला लागल्या, हमालांनी माडी भरायला घेतली. माझंही कारखान्यातून बोलावणं आलं. मी माडीवर गेलो तर फोम गुंडाळून कोपऱ्यात उभा केलेला.

"आत्ता कुठं लागायला लागलंतं, अण्णा."

"गुढीपाडव्यापतोर थांब. माल हलला की जागा हाईच."

"माझं वय थांबतंय व्हय पाडव्यापतोर?"

 हमालांना हात करून त्यानं दोन थप्प्यांमधले थोडे रवे बाजूला काढायला लावले. माणूस आडवा मावेल एवढी फट झाली, रुंदीला माणसापेक्षा हातभर जास्त. "दोघांचं काम न्हाय हितं," तो म्हणाला. "कंबर सरकवायला एकटाच लागतोस की."

हमाल बघत होते. मी चप्पल काढली, त्या फटीत पडलो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेलो, मग उलटा परत. अण्णा वर उभा राहून सांगत होता, "गुडघा, गुडघा." खाली पुढची गाडी लागली, हमालांनी रव्यासाठी वाट मागितली, आणि आम्हा दोघांनाही बाजूला व्हावं लागलं.