वन्संच्या ओढणीला धुरी

पोरगी अकरा दिवसांची होती आणि दुसऱ्या दिवशी बारसं. बारशाला आत्याच लागती, तिनंच बाळाला घ्यायचं, कानात नाव सांगायचं. आणि माझ्या पोरीची आत्या म्हणजे माझ्या थोरल्या वन्सं, परदेशातल्या प्रयोगशाळेत किरणांचं काम करतात. त्या बारशासाठी आमच्या गावी, उत्रोलीला आल्या. मी आठवी शिकलेली. मोबाईलवर पाहिलं होतं, किरणं लागली की लेकरं कशी वाकडी होतात. ह्यांच्या कापडाला चिकटून आलं असंल तर? सासूबाईंना सांगायची सोय न्हाई, लेकीचा लई अभिमान त्यांना. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला.

मग वन्सं न्हाणीत गेल्या तेवढ्यात म्या शेगडीत ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकली आणि त्यांची ओढणी धुरावर धरली. मग पिशवी. मग डायरीबी. बाळाला धुरी देतो ना आपण, तशीच.

"वहिनी," दारातनं आवाज आला, "माझी ओढणी बाळंत झाली का गं?"

डायरी हातातनं पडली. मला रडूच फुटलं, धाप लागली, आणि त्या धापेतच सगळं बोलून गेले, की वन्सं रागावू नका, पण उद्या पोरीला घेऊ नका, तुमचं ते तिला लागंल.

दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. ह्या माझ्याशेजारी बसल्या, म्हणल्या, "चूल पेटलीय ना? चल."

कढई तापवली, मूठभर साळी टाकल्या, वर झाकण. लाह्या तडतडायला लागल्या.

"आता कुठला दाणा फुटंल, सांग बघू."

"ते देवाला तरी ठाऊक हाय का?"

"मलाबी न्हाई. पण निम्मे दाणे फुटायला किती वेळ लागतो, ते मोजता येतं. मी तेच मोजते. माझे दाणे लई बारीक, डोळ्याला दिसत न्हाईत. त्यांच्यात एका जातीचे कण गरजेपेक्षा जास्त भरलेले असतात. ते सोसत न्हाई, मग त्यातला एक कण रूप पालटतो, एक बारका कण बाहेर फेकतो, आणि आख्ख्या दाण्याची जातच बदलते. पापणी लवायच्या आत. आमी तो दाणा पातळ चकतीत अडकवतो आणि बाहेर पडणारा कण टिपायला बसतो."

"आणि हे करून काय मिळतं?"

त्यांनी माझ्या मंगळसूत्राच्या वाटीला बोट लावलं. "हे सोनं पृथ्वीवर झालं न्हाई. आकाशात दोन मेलेले तारे आदळतात, तिथं असले दाणे कण गिळत गिळत जड होतात. कुठल्या पायरीवर किती वेळ थांबले, त्यावर सोनं किती झालं ते ठरतं. तो वेळ अजून पुरता कुणाला ठाऊक न्हाई."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. आमच्याच चुलीपाशी वाढलेली बाई, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीचं आयुष्य मोजती. पण भीती काय गेली न्हाई. म्या विचारलं, "आणि ते अंगाला चिकटलं तर?"

"तिथनं बाहेर पडताना हात यंत्रात घालायचे, पाय यंत्रावर ठेवायचे. काय चिकटलं न्हाई हे यंत्रानं सांगितल्याबिगर दार उघडत न्हाई. छातीला बिल्ला असतो, आपल्या अंगावर किती पडलं ते त्यात उमटतं." मोबाईलवर त्या बिल्ल्याचे कागद उघडले आणि माझ्याच हातात दिले. "तूच वाच."

इंग्रजी मला कुठलं यायला, पण आकडे येतात. ओळीनं शून्यच शून्य होती. म्या दोनदा बोट फिरवून बघितली.

आणि हातपाय धुतल्याबिगर बाळंतिणीच्या खोलीत कुणाला घेत न्हाईत, तीच रीत की ही, एवढं मला कळलं. "माझ्यावर इस्वास ठेव" असं त्या एकदाबी म्हणल्या न्हाईत. मोजून दाखवलं. मला तेच आवडलं.

दुसऱ्या दिवशी बाया जमल्या, पाळणा सजला. सासूबाई म्हणल्या, "दे गं आत्याकडं." माझे हात क्षणभर सुटंनात. वन्सं आपणहून पुढं झाल्या न्हाईत.

म्या पोरगी त्यांच्या हातावर ठेवली. "मान धरा, वन्सं. अजून सावरत न्हाई तिला."

त्यांनी मानेखाली तळवा सरकवला. हळूच म्हणल्या, "वहिनी, मला भ्या वाटतंय."

"मलाबी," म्या म्हणलं, आणि त्या नाव सांगायला कानाशी वाकल्या तशी पाठीत पहिला गुद्दा म्याच घातला.