उघडलेलं पाकीट

काल पलासिया भागातल्या औषधांच्या दुकानात शिरले आणि स्पिरिटचा, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा तो वास आला. आईच्या आजारपणातली एक दुपार आठवली.

तेव्हा मी एका लहानशा शाळेत शिकवत होते. पगार पुरत नाही हे पाहून आई हृदयाची गोळी दिवसाआड घेत होती, मला न सांगता. ते कळलं तशी मी याच दुकानात धावत आले.

"भिया, जरा सस्तीवाली मिळेल का?"

"यही सबसे सस्ती है, दीदी."

शेजारी एक वयस्कर बाई उभ्या होत्या. नवरा गेल्यावर उरलेली औषधं परत द्यायला आल्या होत्या, पण दुकानदार घेत नव्हता. त्यांनी माझ्या हातातली डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. "अहो, हीच तर आहे ना? भियाजी, जरा देखना."

त्यानं नाव, तारीख ताडून पाहिली आणि होकारार्थी मान हलवली. बाईंनी त्या गोळ्यांची पाकिटं माझ्या ओंजळीत दिली. एकच पाकीट मागे ठेवलं, अर्धं संपलेलं.

"हे राहू द्या. हे त्यांनी उघडलेलं आहे."

पर्स बंद करून त्या गर्दीतून एकट्याच रस्ता ओलांडून गेल्या.

आईनं पुढे कितीतरी दिवस रोज गोळी घेतली. त्या दुपारी मी आनंदातच घरी आले होते.

आता माझेही हे गेल्यापासून मी एकटीच राहते. बाहेरून आल्यावर कुलूप काढताना वाटतं, त्या बाईंनीही तेव्हा घरी जाऊन असंच कुलूप काढलं असेल.