न बसवलेला बझर

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. कामांच्या याद्या करून जगणारी बाई मी. जे तपासून टिक करता येत नाही, ते माझ्या लेखी नसतंच. तरीही हे लिहितेय... आणि रागातच लिहितेय.

कारंजा लाडला एका वर्कशॉपमध्ये मी शेतातल्या मोटारपंपांच्या ऑटो-स्टार्टरचं सॉफ्टवेअर करते. लाइन आली की आमचा बोर्ड आधी दोन मिनिटं टिक-टिक वाजतो, मग मोटार सुरू करतो. लोकांना त्याची इतकी सवय झालीय, की लाइन गेलेली असताना दुरुस्तीला बसले तरी कुणी फ्यूज काढत नाही. वाजलं की उठू, एवढाच हिशेब.

जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली. म्हणून बोर्डाचं कर्नल – वेळ सांभाळणारा, कुठलं काम कधी करायचं ते ठरवणारा मूळ प्रोग्राम – मी नव्या प्रोसेसरवर नेत होते. दर चिपचा टायमर वेगळा, तो भाग नव्याने लिहावा लागतो. तोच राहिला होता. तोवर ‘थांब’च्या जागी मी रिकामं फंक्शन ठेवलं होतं; म्हणजे लाइन आली की थेट मोटार सुरू. टिक-टिक वाजणारा बझर तर अजून बसवलाही नव्हता. वर ठळक चिठ्ठी चिकटवली होती – ‘टेस्टिंग. शेतात नेऊ नये.’

मी मालेगावला लग्नाला गेले. नेमका तेव्हाच इंझोरीहून माझा धाकटा भाऊ विनोद जळालेला बोर्ड घेऊन वर्कशॉपला आला. आणि आमच्या मालकांनी, गजाननभाऊंनी, ती चिठ्ठी सोलून माझा अर्धवट बोर्ड त्याच्या हातात दिला!

दुसऱ्या दिवशी दुपारी विनोदचा फोन.

“ताई, तुया नवा बोर्ड जोरदार हाय बरं! वाचवलं मले.”

“कोणता बोर्ड?”

“गजाननभाऊनं देल्ला तो. विहिरीपाशी केबलचा जोड उघडून बसलो होतो. टिक-टिक वाजला, तसा मी बाजूले झालो. मंग स्टार्टर आपोआप लागला अन् जोडावर ही ठिणगी!”

माझं डोकं तापलं. “फ्यूज काढला होतास?”

“कायले? वाजते ना.”

तशीच इंझोरी गाठली. पेटी उघडली. बझरच्या जागी दोन कोरी भोकं, सोल्डरचा थेंब नाही. चिपमधला प्रोग्राम लॅपटॉपवर उतरवला – शेवटच्या बाइटपर्यंत माझाच. रिकामं फंक्शन जागच्या जागी. जोड बांधला, सगळ्यांना दूर उभं केलं आणि मेन स्विच बंद-चालू करत राहिले. दर वेळी मोटार तत्क्षणी सुरू. ना आवाज, ना थांबणं.

“भास झाला असेल तुला.”

विनोदची बायको रेखा फणकारली. “दोघायले एकच भास? मी तुरीत होती, ताई. मले आयकू आला. मीच वरडली, उठा म्हणून.”

शेजारच्या शेतातून आवाज यावा, तर तिथे आमचा बोर्ड नाही; तिथली मोटार हातानेच सुरू करतात.

गजाननभाऊंना फोन लावला. माझं सगळं ऐकून माणूस म्हणतो, “म्हंजे चालते ना बोर्ड? मंग बाकीचे बी पाठवून देऊ.”

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

“ताई, काहून तापून राह्यल्या?” गजाननभाऊ फोनवर हसले. “देवानंच टेस्टिंग केली समजा.”

“मग पुढच्या विहिरीवर जोड उघडून तुम्ही बसा. देव येतो का पाहू.”

बोर्ड काढून आणला. टायमर लिहिला, बझर बसवला, तपासला, परत नेऊन लावला. तो वाजला तसा विनोदने कान दिला आणि मान हलवली. “हा नाही, ताई. हा बारीक हाय. त्या दिवशी आपला जुनाच वाजला.”

जुना बोर्ड त्या दिवशी कारंज्याला माझ्या टेबलावर पडला होता. जळालेला.

मला आजही कारण सापडलेलं नाही. लोक म्हणतात, भाऊ वाचला ना, मग राग कसला? राग याचाच, की जे कशामुळे झालं तेच कळत नाही, ते पुन्हा होईल अशी खात्री मी कुणाला देऊ?

परवा इंझोरीला गेले, तर हा पठ्ठ्या पुन्हा जोड उघडून बसलेला. फ्यूज पेटीतच. मी तिन्ही फ्यूज काढले, पर्समध्ये टाकले आणि कारंज्याची एस.टी. पकडली.