आढ्याविना घर

मोईज काझींनी अकोल्यात चित्रपटगृह बांधलं, अमरावतीत डॉक्टरांचे बंगले बांधले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वर्षांत ते तिवशाकडच्या विधवांना मोफत घरं बांधून देऊ लागले.

त्यांतल्याच कौशल्याबाईंच्या घराचा नकाशा त्यांनी कौतुकानं काढला होता. वर छपराच्या मधोमध आडवं सागवानी आढं होतं.

"मले आढं नोको, भाऊ."

"काहून? शंभर वर्षं टिकते."

"माह्या मालकानं आढ्यालेच दोर बांधला होता."

मोईजनी नकाशा गुंडाळून ठेवला.

अकोल्याच्या जुन्या शहरातली मशीद दुरुस्त करताना ते घुमट बांधायला शिकले होते. तसंच विटांचं, आतून गुळगुळीत छप्पर त्यांनी महिन्याभरात उभं केलं.

कौशल्याबाई दारातूनच बराच वेळ वर पाहत राहिल्या. मग लेकीला म्हणाल्या, "जाय आत."