रविवारी अकराची साफसफाई

माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं मेंटेनन्स खात्यात होते. निवृत्त झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, गीझर उघडून पुन्हा बसवला, आणि मग बिघडलेलं काही उरलं नाही म्हणून ते उदास झाले. तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या कॉम्प्युटरकडे गेलं.

कॉम्प्युटर खरं तर मुलाचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर मी त्यावर आमच्या भजनी मंडळाची भजनं टाइप करायला लागले. सुरू व्हायला त्याला इतका वेळ लागायचा की बटण दाबून मी कुकर लावायला जायची आणि दोन शिट्ट्या झाल्या की परत यायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. यांना वाटलं.

"याची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली?"

"कॉम्प्युटरची कुठे सर्व्हिसिंग असते?"

त्या दिवसापासून हे मोबाइलवर व्हिडिओ बघून वहीत टिपणं काढायला लागले. माणसाच्या भरवशावर सोडलेली साफसफाई कधीच होत नाही, हा त्यांचा कारखान्यातला अनुभव. म्हणून त्यांनी अशी सोय केली, की दर रविवारी अकरा वाजता कॉम्प्युटर आपला आपणच फालतू फाइली काढेल, डिस्क तपासेल आणि बंद होऊन परत सुरू होईल. पहिल्या रविवारी हे खुर्ची घेऊन समोर बसून राहिले. सगळं बिनबोभाट पार पडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पहिली शिट्टी व्हायच्या आत कॉम्प्युटर सुरू व्हायला लागला. मी मोकळेपणाने कौतुक केलं. ते करायला नको होतं.

कारण पुढच्या रविवारी यांनी डाउनलोडचा फोल्डरही त्या साफसफाईत घातला. माझी सगळी भजनं त्यातच होती.

"डाउनलोड म्हणजे गोदामाच्या दाराशी उतरवलेला माल," हे म्हणाले. "आठ दिवसांत आत उचलून नेला नाही तर तो भंगार."

"भंगार? एकादशीला बायका काय म्हणणार आहेत? तुमची वही?"

काढलेल्या फाइली पडतात तो कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही त्या यंत्रणेने स्वतःच रिकामा केला होता. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे कॉम्प्युटर पिशवीत घालून द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेले आणि संध्याकाळी भजनं घेऊन परत आले. फक्त फाइलींची नावं जाऊन नुसते आकडे राहिले होते. मग यांनी एकेक फाइल उघडून, कामाचा अहवाल वाचावा तशा सुरात प्रत्येक भजन वाचलं आणि त्याला नाव दिलं. जन्मात कधी टाळ हातात न घेतलेल्या माणसाच्या तोंडून विठ्ठलाचं नाव चाळीस वेळा ऐकून माझा राग कधी गेला ते कळलंच नाही.

तरी मी बजावलं, "यापुढे न सांगता काही काढायचं नाही."

"बरोबर आहे. कारखान्यातही मशीन बंद करायच्या आधी सूचना द्यायचो," हे म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. काय करत होते ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मुलाने सांगितलं, की त्याच्याच ऑफिसातल्या एका मुलीशी त्याचं जमलंय. तिचे आईवडील सटाण्याकडचे. रविवारी दहाला व्हिडिओवर सगळ्यांनी भेटायचं ठरलं. मोबाइलवर तोंडं दिसत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरच. मी नवी साडी नेसले. त्यांच्याकडे वीज गेली होती, त्यामुळे ते पडद्यावर दिसेपर्यंत पावणेअकरा झाले. माणसं अगदी आपल्यासारखी निघाली. द्राक्षांच्या, पाहुण्यांच्या गप्पा झाल्या. मग मुलीचे वडील खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "आमची मुलगी जरा हट्टी आहे, पण मनाने चांगली आहे. आता तुमचं मत सांगा."

हे हसून उत्तर द्यायच्या बेतात होते. त्यांचे ओठ अजून मिटलेलेच होते, आणि कॉम्प्युटरमधून त्यांचाच खणखणीत आवाज आला : "सूचना. नको असलेला माल अर्ध्या मिनिटात बाहेर काढण्यात येईल. हरकत असल्यास ताबडतोब कळवावे."

मुलीच्या आईने पदर तोंडाशी धरला. "काय व्हयनं?" तिने नवऱ्याला अहिराणीत विचारलं.

"तुमच्याबद्दल नाही ते," हे घाईने म्हणाले. "ते भंगाराबद्दल आहे."

"बंद करा ते," मी दातओठ खाऊन म्हणाले.

"बंद होत नाही. तू दर रविवारी बंद केलं असतंस, म्हणून तशी सोयच ठेवली नाही."

"सर्वांनी दूर उभे राहावे," कॉम्प्युटर म्हणाला. मुलीचे वडील खरोखरच खुर्ची मागे सारताना दिसले, आणि पडदा काळा झाला.

आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यात आपापली तोंडं बघत बसलो. मला रडू येत होतं. यांचा चेहरा तर मोटार जळाल्यावर साहेबासमोर उभं राहावं तसा झाला होता. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पलीकडे मुलगी होती, आणि हसून हसून तिला धड बोलता येत नव्हतं.

"काकू, बाबांना मी समजावलंय. काकांना द्या ना जरा." मी मोबाइल स्पीकरवर टाकला. "काका, हे तुम्ही स्वतः केलंत? आणि काढायच्या आधी बॅकअप कुठे घेता?"

हे वहीची पानं उलटायला लागले.

"घेता ना?"

"छत्तीस वर्षांत," हे हळू आवाजात म्हणाले, "सुटे भाग ठेवल्याशिवाय मी एकही मशीन उघडलं नाही. हे डोक्यातच आलं नाही."

"मी दिवाळीत येते. तोवर काही काढू नका."

ती आली ती थेट कॉम्प्युटरसमोर बसली. हे शेजारी स्टूल घेऊन बसले. मी तीनदा चहा गरम केला. आतून हट्टाने वाद घालणारे दोन आवाज येत होते, आणि मुलगा माझ्याजवळ ओट्याशी उभा राहून विचारत होता, "आई, मला कोणी आत बोलावणार आहे का?"