रेघेबाहेरचा डाग

हिरामणकाका भिंतीची चव घेत. घणसोलीच्या बैठ्या घरांच्या रांगेत आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात, शेजारचे हे लुंगीतले गृहस्थ न विचारता आमच्या फाटकातून आत आले, बाहेरच्या भिंतीवर आलेला पांढरा भुगा त्यांनी नखाने खरवडला आणि बोट सरळ जिभेवर ठेवलं. मी बघतच राहिले. ते शांतपणे थुंकले आणि म्हणाले, "खारट हाय. रंगारी बोलवू नको, बाय. पानी आतून येतंय."

पाणी खरंच आतून येत होतं. न्हाणीघराचा पाइप भिंतीतच फुटला होता.

काका मूळचे तळवलीचे. त्यांच्या घराण्याची मिठागरं होती. ती गेली, काका रबाळ्याच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, पण जिभेची मिठाशी ओळख तेवढी राहिली. रांगेत कुणी घर रंगवायला काढलं की काका हजर. काळा डाग म्हणजे शेवाळ, ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासायचं. तांबडा म्हणजे खिडकीच्या गजांचा गंज, तिथे आधी गज रंगवायचे. पांढऱ्याला मात्र क्षमा नव्हती. भिंत धुवायची, सुकवायची, डागाभोवती सुताराच्या जाड पेन्सिलीने रेघ काढायची आणि पावसाळा जाऊ द्यायचा. डाग रेघेच्या आत राहिला तर खुशाल रंगवा. बाहेर गेला तर पाणी शोधा. "डागावर रंग मारलास तर त्यो रागावतो, बाय," ते म्हणत. "मंग दुप्पट होऊन येतो."

रंगारी त्यांच्या नावाने बोटं मोडत. एक तर ब्रश गुंडाळून निघूनच गेला. आमच्या निम्म्या भिंतींवर कायम नकाशे असायचे, आणि पाहुणे विचारायचे की या रांगेत मुलांना कुणी ओरडत नाही का.

काका मुलाकडे, नव्या टॉवरमध्ये राहायला जायचं म्हणाले तेव्हा त्यांचं घर मी घेतलं, आईबाबांसाठी. बाबांना दमा आहे, त्यांना कोरडी, शांत खोली हवी होती. काकांच्या घराची मागची खोली अगदी तशी दिसत होती. घर ताब्यात देण्याआधी काकांनी मागची भिंत आतून-बाहेरून स्वतः रंगवली, मजूर न लावता. रंग कुठला हवा ते मला विचारलं. मी फिका पिवळा सांगितला. "नव्या मानसांना घर नवंच दिसाया पायजे," ते शिडीवरून म्हणाले. मला भरून आलं होतं. इंजिनिअर बोलवून घर दाखवावं असं नवऱ्याने सुचवलं, तर मी त्यालाच हसले. आमच्याकडे इंजिनिअर आले की तेच काकांना विचारायचे.

पावसाळा सरता सरता पिवळ्या रंगाला फोड आले. बाबांचा खोकला रात्रंदिवस थांबेना, म्हणून आम्ही त्यांची खाट आमच्या बाहेरच्या खोलीत आणली. मग मी रंगाऱ्यांची खरवडायची पत्री घेऊन ती भिंत बाहेरून खरवडायला गेले. रंगाचा पापुद्रा अलगद सुटून हातात आला आणि खाली पेन्सिलीची रेघ दिसली. तिच्या बाहेर दुसरी. तिच्याही बाहेर तिसरी. प्रत्येक रेघ ओलांडून डाग पुढे गेला होता. काका कित्येक पावसाळे त्याच्यावर लक्ष ठेवून होते, आणि शेवटी त्यांनी मला आवडणारा रंग त्याच्यावर चढवला होता.

मी तशीच टॉवरवर गेले. काका गॅलरीत बसले होते. त्या रेघा तुमच्याच ना, असं मी विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"माज्याच. पानी कुठून येतंय ते मला गावलंच नाय."

"मग मला सांगितलं का नाही? बाबांचा दमा तुम्हाला माहीत होता."

"सांगितलं असतं, तर तू घेतलं असतंस?"

दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण डाग झाकायचा नसतो हे मला याच माणसाने शिकवलं होतं, आणि झाकला तोही यानेच, माझ्याशी हसत बोलत. मी निघाले. दारापर्यंत आले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, शेजारी असताना यायचा तसाच, आस्थेचा.

"बाय, भायेरच्या रेघेच्या पुढं गेलाय का त्यो?"

"वीतभर," मी सवयीने सांगून टाकलं.

जिना उतरताना मला रडू फुटलं. निदान तेवढं तरी त्यांना खरं सांगायला नको होतं.